पाल, साप, कासव, मगर: सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दलचे निम्मे प्रश्न शेवटी सापावरच येऊन थांबतात. त्याला इलाज नाही, पण बाकीच्या मंडळींनाही इथे जागा दिली आहे. उत्तरे वाचताना एक धागा पुन्हा पुन्हा हाती लागेल. हे प्राणी फार कमी ऊर्जेत भागवतात, आणि आपल्याला विचित्र वाटणाऱ्या त्यांच्या बऱ्याच गोष्टी त्या काटकसरीतून आलेल्या आहेत.

सरपटणारा प्राणी नेमका कुणाला म्हणायचे?

पाठीचा कणा, केराटिनच्या खवल्यांनी झाकलेली कोरडी कातडी, जन्मापासून फुप्फुसांनी श्वास आणि जमिनीवर तग धरेल असे अंडे (काहींच्या बाबतीत थेट पिल्लू). एवढे जुळले की तो प्राणी या वर्गात बसतो. सरपटणे ही अट नाही. मगर पोट जमिनीपासून उचलून चार पायांवर चालू शकते. उडता सरडा तर लांब बरगड्यांवर ताणलेले पातळ पडदे उघडून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो.

बेडूक आणि सॅलॅमँडर यांत येत नाहीत. त्यांची कातडी ओलसर असते, अंड्याला कवच नसते आणि बहुतेकांचे बालपण पाण्यात कल्ल्यांवर जाते. अभ्यासक मात्र अजूनही दोन्ही गटांचा अभ्यास एकत्रच करतात. ती जुनी सवय आहे, नात्याचा पुरावा नव्हे.

एकूण जाती किती, आणि गट किती?

आजवर १२ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. गट चार, पण वाटणी कमालीची विषम आहे. सरडे, पाली, घोरपडी, सापसुरळ्या आणि साप हे सगळे एकाच गटात येतात आणि ९५ टक्क्यांहून जास्त जाती त्या एकट्या गटाच्या आहेत. कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास, मगर-सुसरींच्या पंचवीस-सव्वीस. चौथ्या गटात आज एकच प्राणी उरला आहे, न्यूझीलंडचा तुआतारा. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

साप आणि सरडे एकाच गटात कसे, असे लगेच विचारले जाते. साप हे सरड्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. पाय गमावणारे ते एकटेही नाहीत. सरड्यांच्या कितीतरी शाखांमध्ये पाय वेगवेगळ्या वेळी नाहीसे झाले आहेत. बिनपायाचा सरडा आणि साप यांत फरक ओळखायचा तर डोळ्यांकडे पाहा. पापणी मिटली तर तो साप नव्हे.

सापाचे पाय गेले कसे?

पूर्णपणे गेले असे म्हणता येणार नाही. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी, मलमूत्र बाहेर पडण्याच्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना, नखासारखे दोन छोटे काटे दिसतात. ते मागच्या पायांचे अवशेष आहेत आणि मीलनाच्या वेळी नर त्यांचा वापर करतो. पाय घडवणारे मुख्य जनुक सापांत शाबूत आहे, पण गर्भाच्या पायांत ते चालू करणारा डीएनएचा तुकडा बिघडला आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी उंदरांमधला हा तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवला, तेव्हा त्या उंदरांचे पाय खुंटलेले निघाले.

पक्षी सरपटणारे प्राणी आहेत का?

वंशावळ प्रामाणिकपणे मांडली तर हो. मगरीचे आजच्या जगातले सर्वांत जवळचे नातेवाईक सरडे किंवा कासवे नाहीत, पक्षी आहेत. मगर आणि कावळा यांचा सामायिक पूर्वज मगर आणि पाल यांच्या सामायिक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. मग मगरीला आत घ्यायचे आणि कावळ्याला दाराबाहेर ठेवायचे, याला शास्त्रीय आधार उरत नाही. शाळेच्या पुस्तकांत पक्षी वेगळे ठेवले जातात ते सोयीसाठी, आणि या पानावरही त्याच सोयीने ते बाजूला ठेवले आहेत.

आणि डायनोसॉर?

तेही याच घराण्यातले. त्यांची एक शाखा पक्षी म्हणून आजही जिवंत आहे. मात्र आकाशात उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर हे डायनोसॉर नव्हते. ते याच काळातले वेगळे सरीसृप, म्हणजे सरपटणारे प्राणी.

हे प्राणी पृथ्वीवर कधीपासून आहेत?

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या जॉगिन्स इथल्या कड्यांत, अश्मीभूत झाडांच्या पोकळ बुंध्यांत, हायलोनोमस नावाच्या वीतभर प्राण्याचे सांगाडे सापडले. वय सुमारे ३१ कोटी वर्षे. सर्वांत जुन्या ज्ञात सरीसृपांत त्याची गणना होते.

पण खरी क्रांती सांगाड्यात नव्हती, अंड्यात होती. बेडकाचे अंडे पाण्याबाहेर काढले की सुकते. सरीसृपांच्या अंड्यात गर्भाभोवती द्रवाने भरलेली पिशवी असते, म्हणजे प्रत्येक गर्भाला स्वतःचे छोटे तळे. सोबत अन्नाचा बलक, मलद्रव्ये साठवायला वेगळी पिशवी आणि हवा आतबाहेर जाऊ देणारे आवरण. या एका अंड्याने पाणवठ्याशी असलेली बांधिलकी सुटली आणि कोरडी जमीन मोकळी झाली. आपण सस्तन प्राणीही त्याच अंड्याच्या वारशावर जगतो. मानवी गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी तीच.

थंड रक्ताचे म्हणजे यांचे रक्त खरेच थंड असते?

नाही. भर उन्हात वाळवंटातल्या काही सरड्यांच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणजे तुमच्या-माझ्या रक्तापेक्षा त्यांचे रक्त जास्त गरम. फरक उष्णता येते कुठून, यात आहे. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा नुसते शरीर उबदार ठेवण्यात जाळतो. सरीसृप ती ऊब बाहेरून घेतात. सकाळी सरडा दगडावर अंग चपटे करून उन्हाला आडवा बसतो, अंग तापले की तोंड सूर्याकडे करून उन्हात येणारा भाग कमी करतो, आणखी तापले की सावलीत सरकतो. दिवसभर हा खेळ चालू असतो आणि त्यात तो तापमान बऱ्यापैकी स्थिर राखतो.

या पद्धतीची किंमत उघड आहे. गारठ्यात हालचाल मंदावते, आणि फार वेळ जोर लावून पळणे जमत नाही. फायदाही तितकाच मोठा आहे. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्या अन्नात सरीसृपाचे भागते. म्हणून जिथे उंदीर उपाशी मरेल अशा वाळवंटात सरडे नांदतात.

निसर्गात मात्र रेषा सरळ नसतात. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली अजगराची मादी स्नायू थरथरवून स्वतः उष्णता निर्माण करते. दक्षिण अमेरिकेतला टेगू नावाचा मोठा सरडा विणीच्या हंगामात रात्रीही बिळातल्या हवेपेक्षा बराच गरम राहतो. लेदरबॅक हे समुद्री कासव अवाढव्य देह, चरबीचा थर आणि रक्तवाहिन्यांची खास रचना यांच्या जोरावर बर्फगार पाण्यात उबदार राहून जेलीफिश खात फिरते.

साप महिनोन्‌महिने न खाता कसा जगतो?

वरच्या उत्तराचाच हा पुढचा भाग. शरीर तापवायचे नसेल तर इंधन पुरवून पुरवून वापरता येते. अजगरासारखे साप याहून पुढे जातात. दोन जेवणांमध्ये मोठा काळ जाणार असेल तर आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचा आकारच घटवून ठेवतात. वापरात नसलेले अवयव पूर्ण क्षमतेने कशाला चालवायचे?

भक्ष्य पोटात गेले की सगळे उलटते. ब्रह्मदेशी अजगरावरच्या प्रयोगांत जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले आढळले, आतड्यांचे अस्तर फुलले आणि चयापचयाचा वेग कित्येक पटींनी चढला. पचन संपले की सारे पुन्हा पूर्वपदावर. सरीसृपांबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी ही सांगेन.

स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठे भक्ष्य साप गिळतो कसे? जबडा निखळतो का?

निखळत नाही. आपल्या खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीशी जुळून एक झालेली असतात. सापाची दोन्ही हाडे पुढे लवचीक बंधाने जोडलेली असतात आणि मागे कवटीशी एका लांब, फिरत्या हाडावर टांगलेली. त्यामुळे तोंड उभेही उघडते आणि आडवेही ताणले जाते.

गिळताना जवळून पाहिले तर साप भक्ष्य आत ओढत नाही, स्वतःच भक्ष्यावर चढत जातो. आधी उजव्या बाजूचे मागे वळलेले दात सुटतात, जरा पुढे सरकून रुततात, मग डाव्या बाजूचे. असे एकेक पाऊल टाकत डोके पुढे सरकते. गिळणे बराच वेळ चालते, मग श्वासाचे काय? खालच्या जबड्यात श्वासनलिकेचे तोंड नळीसारखे पुढे सरकून बाहेर डोकावते आणि तोंड गच्च भरलेले असतानाही हवा घेत राहते. बहुतेक सापांत उजवे फुप्फुस लांबलचक असते आणि डावे अगदी लहान किंवा नाहीच. त्या निमुळत्या अंगात दोन मावणार कशी?

साप सारखी जीभ का बाहेर काढतो? त्याला ऐकू येते का?

जीभ वास गोळा करते. हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण जिभेच्या दोन टोकांवर बसतात आणि तोंडात गेल्यावर टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात. टोके दोन असल्यामुळे गंध डावीकडे जास्त की उजवीकडे हेही कळते, आणि उंदराच्या मागावर जाताना तेच हवे असते. घोरपडीची जीभही अशीच दुभंगलेली असते.

सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो, पण तो ठार बहिरा नव्हे. आतला कान जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो, त्यामुळे जमिनीतली कंपने त्याला चांगली कळतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात ऐकू येतात. पुंगीसमोर डोलणारा नाग मात्र सुरावर डोलत नसतो. हलणाऱ्या पुंगीवर तो नजर रोखून असतो.

चापडा, रॅटलस्नेक यांच्या गटाला आणि काही अजगरांना आणखी एक इंद्रिय असते. उष्णता टिपणाऱ्या खाचांमुळे त्यांना अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब दिसते, अगदी अंशाच्या छोट्याशा हिश्शाइतका फरक असला तरी.

साप कात का टाकतो?

वरची मृत त्वचा वाढत्या अंगाबरोबर वाढत नाही, झिजते, आणि तिच्यावर परजीवीही बसतात. आतून नवी त्वचा तयार झाली की दोहोंमध्ये द्रव झिरपतो. या काळात डोळे दुधाळ, निळसर दिसतात, नजर मंदावते आणि साप चिडका होतो. मग तो ओठ खरबरीत दगडावर घासून सुरुवात करतो आणि मोजा उलटा काढावा तशी कात मागे सोडत पुढे सरकतो.

कात सापडली तर डोक्याचा भाग उन्हाला धरून पाहा. डोळ्यांच्या जागी भोके नसतात, दोन पारदर्शक गोल भिंगे असतात. सापाला मिटणाऱ्या पापण्या नाहीत. डोळ्यावर कायमची पारदर्शक खवल्याची झाकण असते आणि कातीबरोबर तीही बदलते. कात ताणली जात असल्याने ती मूळ सापापेक्षा लांब भरते, तेव्हा तिच्यावरून सापाच्या लांबीचे अंदाज बांधू नयेत. पाली आणि सरडे कात तुकड्यातुकड्यांत टाकतात, आणि कित्येक पाली ती खाऊनही टाकतात.

मांडुळाला दोन तोंडे असतात का?

एकच असते. शेपूट बोथट आणि डोक्यासारखी दिसते, एवढेच. संकटात मांडूळ डोके वेटोळ्यात दडवते आणि शेपूट पुढे करते. शत्रूचा घाव चुकीच्या टोकावर बसतो. जन्मतःच दोन डोकी असलेले साप क्वचित जन्मतात खरे, पण तो गर्भातला दोष असतो, आणि तो कुठल्याही जातीत होऊ शकतो.

सगळे साप विषारी असतात का? आणि विष असते तरी काय?

जगातल्या चार हजारांच्या आसपास जातींपैकी सुमारे ६०० विषारी आहेत, आणि माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा त्याहूनही कमी. धामण, दिवड, कवड्या, अजगर हे बिनविषारी. हरणटोळ आणि मांजऱ्या निमविषारी. त्यांचे विषदात जबड्यात मागे असतात आणि विष भक्ष्यापुरते.

विष म्हणजे रूपांतरित लाळ. त्यात डझनावारी प्रथिने असतात. ढोबळ विभागणी करायची तर नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडवते, सूज आणि रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पण ही विभागणी काटेकोर नाही. नागाच्या दंशाने मांसही सडते.

विष बनवायला सापालाही खर्च येतो, म्हणून बचावाच्या चाव्यात तो कधीकधी विष सोडतच नाही. त्या भरवशावर घरी बसून राहणे मात्र जिवावर बेतू शकते.

याच विषांतून औषधेही निघाली. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल आले. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका रेणूवरून मधुमेहावरचे एक्झेनाटाइड बनले आणि २००५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा सरडा वर्षातून मोजक्याच वेळा पोटभर खातो, आणि त्याच्या रक्तातली साखर सांभाळणारे रेणू म्हणूनच संशोधकांच्या नजरेत भरले.

साप चावला तर काय करायचे?

ज्याला चावला त्याला खाली बसवा किंवा झोपवा, धीर द्या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा पट्टीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवा. आणि थेट रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष हाच विषावरचा उपाय आहे. विषाच्या वाढत्या मात्रा देऊन घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात.

जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, बर्फ लावू नका. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाचे तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि अनेकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो. दंशाची नुसती शंका असली तरी डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात. २०१७ मध्ये संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

साप डूख धरतो का?

नाही. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड उगवायला येणे सापाच्या आवाक्यातले नाही. पण सरीसृप म्हणजे निव्वळ यंत्र, हे दुसरे टोकही चूक आहे. घोरपडी आणि कासवे शिकतात, वाटा लक्षात ठेवतात, रोज खाऊ घालणारा माणूसही ओळखतात. मारलेल्या सापाच्या जागी दुसरा साप दिसला तर कारण साधे असते. जिथे उंदीर आणि आडोसा आहे, तिथे साप येणारच.

पाल भिंतीवर उलटी कशी चालते?

काचेच्या खिडकीवर बाहेरून पाल बसली असेल तर आतून तिचे तळवे पाहा. बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक पट्टीवर हजारो सूक्ष्म केस, आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो चपट्या अग्रांत फुटलेले. ही अग्रे पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षण कामी येते. ते व्हॅन डर वाल्स बल आहे, हे २००२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. डिंक नाही, शोषण नाही, ओलावाही नाही. बोटांचा कोन बदलला की पकड क्षणात सुटते, म्हणून पाल चिकटून बसत नाही, धावते.

पालीची तुटलेली शेपूट परत येते, मग माणसाचे बोट का नाही?

शेपूट अपघाताने तुटत नाही, पाल ती तोडते. शेपटीच्या मणक्यांतच कमकुवत चिरा असतात. स्नायू आकसले की शेपूट तिथून सुटते आणि रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात. सुटलेला तुकडा वळवळत शत्रूला गुंतवतो. हा सौदा महागातला आहे, कारण शेपटीत चरबी साठवलेली असते. काही सापसुरळ्या संकट टळल्यावर परत येऊन आपलीच शेपूट खातात.

नवी शेपूट हुबेहूब नसते. तिच्यात मणके येत नाहीत, कूर्चेची एक सलग दांडी येते. रंग आणि खवल्यांची मांडणीही वेगळी. घोरपडीला हे जमत नाही. माणसाची जखम व्रण धरून लवकर बंद होते, पालीच्या जखमेत नव्या वाढीला सुरुवात करणाऱ्या पेशींचा कोंब तयार होतो. हा फरक का पडतो, यावर प्रयोगशाळांमध्ये जोरात काम चालू आहे.

शॅमेलिऑन आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठी रंग बदलतो का?

मुख्यतः नाही. तो इतरांशी बोलतो आणि तापमान सांभाळतो. भांडणारा नर झगझगीत होतो, हरलेला काळवंडतो, थंडीत अंग गडद करून ऊन शोषले जाते. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परततो. वरच्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि त्वचा पिवळी-लाल होते.

कासव पाठीच्या कवचातून बाहेर येऊ शकते का?

कधीच नाही. कवच म्हणजे त्याच्याच रुंदावलेल्या बरगड्या आणि पाठीचा कणा. त्यात नसा असतात, स्पर्श कळतो आणि दुखतेही. खांद्याचे हाड बरगड्यांच्या आत असलेला कासव हा एकमेव कणाधारी. बरगड्या हलत नसल्यामुळे श्वासासाठी पोटाचे आणि खांद्याचे स्नायू वापरावे लागतात. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोन्टोकेलिस या कासवाला पोटाकडचे कवच पूर्ण होते, पाठीवरचे अजून नव्हते, आणि तोंडात दात होते. आजच्या कासवांना दात नाहीत, चोच आहे.

वयाच्या कथा खूप ऐकू येतात, पण कागदोपत्री पुरावा थोड्यांचाच. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन हे महाकाय कासव १८८२ मध्ये तिथे आणले तेव्हाच पूर्ण वाढलेले होते. त्यावरून त्याचा जन्म १८३२ च्या सुमारास धरतात.

मगर आणि सुसर यांत फरक काय?

सुसरीचा जबडा लांब, अरुंद, बारीक दातांनी भरलेला असतो. तो मासे पकडायचे हत्यार आहे. प्रौढ नराच्या नाकावर गोल फुगवटा येतो आणि त्यातून तो घुमणारा आवाज काढतो. मगरीचा जबडा रुंद, काहीही धरायला तयार. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या चाव्याचा जोर १६ हजार न्यूटनच्या पुढे मोजला गेला आहे, मात्र जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे की मिटलेले तोंड चिकटपट्टीनेही बंद ठेवता येते.

मगरीचे हृदय पक्ष्यांसारखे चार कप्प्यांचे असते, आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, तेही पक्ष्यांसारखेच. आणि ती आई म्हणून विलक्षण आहे. अंड्यातली पिल्ले आतून आवाज करू लागली की ती घरटे उकरते आणि पिल्ले त्याच जबड्यात अलगद उचलून पाण्यात नेऊन सोडते.

पिल्लू नर की मादी हे तापमानावर ठरते, हे खरे का?

अनेक कासवे, सगळ्या मगरी आणि काही सरडे यांच्याबाबतीत खरे. मादलेन शार्निए या संशोधिकेने १९६६ मध्ये एका आफ्रिकी सरड्यात हे प्रथम नोंदवले. समुद्री कासवांच्या घरट्यातली वाळू साधारण २९ अंशांच्या वर गेली की माद्या जास्त निघतात, खाली राहिली की नर. मगरींमध्ये मधल्या तापमानाला नर आणि दोन्ही टोकांना माद्या.

तापत्या जगात याचा परिणाम दिसू लागला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळे अंडीच घालतात का? नराशिवाय पिल्ले होतात म्हणे?

साप-सरड्यांच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या जाती पिल्लांना जन्म देतात. घोणस आणि फुरसे त्यांतलेच. थंड प्रदेशात याचा फायदा स्पष्ट आहे, कारण पोटात अंडी घेऊन मादी ऊन शोधत हिंडू शकते, जमिनीत पुरलेली अंडी हलू शकत नाहीत. कासवे आणि मगरी मात्र सगळ्याच अंडी घालतात.

नराशिवायही होतात. कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा या सापाच्या जातीत सगळ्या माद्याच असतात, त्यामुळे एक जरी कुंडीतून नव्या बेटावर पोहोचली तरी वस्ती सुरू होते. कोमोडो ड्रॅगनच्या एकट्या मादीने अशी पिल्ले दिल्याचे २००६ मध्ये इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांत दिसले, आणि २०२३ मध्ये मगरीतही असा गर्भ आढळल्याची नोंद झाली.

तुआतारा हा सरडाच ना?

दिसतो सरड्यासारखा, पण त्याचा वंश साप-सरड्यांपासून सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात आणि खालची एक रांग त्यांच्या मधे बसते. डोक्याच्या माथ्यावर, त्वचेखाली, प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो. त्याचे सगळेच संथ. अंडी उबायला वर्षभराच्या आसपास किंवा जास्त, वाढ तीसेक वर्षे चालू, आयुष्य शंभरी ओलांडणारे. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल इथल्या हेन्री नावाच्या तुआताराला २००९ मध्ये पिल्ले झाली, तेव्हा त्याचे वय १११ धरले होते.

समुद्रात राहणाऱ्यांना खारे पाणी कसे चालते?

त्यांची मूत्रपिंडे एवढे मीठ बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून वेगळ्या ग्रंथी आहेत. समुद्री कासवाच्या त्या डोळ्यांजवळ असतात, अंडी घालणारी मादी रडते असे वाटते ते यामुळे. समुद्री सापांत त्या जिभेखाली असतात. गालापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना मीठ नाकातून शिंकरून टाकतो आणि त्याचे डोके पांढरे होते. एल निनोच्या वर्षी शेवाळ मिळेनासे झाले की हा इग्वाना नुसता बारीक होत नाही, त्याची लांबीही घटते, काही प्राण्यांत २० टक्क्यांपर्यंत. अन्न परतले की तो पुन्हा वाढतो.

सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान कोण?

आज सर्वांत मोठी खाऱ्या पाण्यातली मगर. फिलिपिन्समध्ये २०११ मध्ये पकडलेला लोलाँग नावाचा नर ६.१७ मीटर भरला. लांबीत जाळीदार अजगर आणि वजनात हिरवा अ‍ॅनाकोंडा सापांमध्ये पुढे. कोलंबियातल्या कोळशाच्या खाणीत सापडलेला, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा टायटानोबोआ तर १३ मीटरच्या आसपास असावा. बाहेरच्या उष्णतेवर चालणारे इतके मोठे शरीर पोसायला तिथली हवा आजच्यापेक्षा गरम असणार, असा तर्क संशोधकांनी त्यावरून केला.

लहानांमध्ये मादागास्करचा ब्रुकेसिया नाना. २०२१ मध्ये वर्णन केलेल्या या शॅमेलिऑनच्या नराचे शरीर, शेपूट सोडून, साडेतेरा मिलिमीटर. बोटाच्या टोकावर सहज मावतो.

थंड प्रदेशात सरीसृप अजिबात नसतात का?

अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर आहेत. युरोपातला एक घोणसवर्गीय साप आणि एक सरडा आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला राहतात, आणि दोघेही पिल्लांना जन्म देतात. उत्तर अमेरिकेतले रंगीत कासव गोठलेल्या तळ्याच्या तळाशी प्राणवायूशिवाय महिनोन्‌महिने काढते. साठणारे आम्ल ते कवचातल्या क्षारांनी निष्प्रभ करते.

किती जाती धोक्यात आहेत?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात १०,१९६ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे २१ टक्के धोक्यात आढळल्या. मगर-सुसरींमध्ये हे प्रमाण निम्मे आणि कासवांमध्ये त्याहून जास्त. जंगलतोड आणि शेती ही मोठी कारणे. कासवांच्या मुळावर मात्र शिकार आणि व्यापार अधिक आले आहेत. उशिरा वयात येणारे, दीर्घायुषी प्राणी अंडी गमावणे एक वेळ सोसतात, पण प्रौढ माद्या सतत मारल्या गेल्या तर त्यांची संख्या सावरायला कित्येक दशके लागतात.